विषय क्रमांक ६ आणि विषय क्रमांक ८

इंग्लंडमधल्या आमच्या काउंटी काउन्सिलच्या (आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखी निवडून आलेली संस्था) आरोग्य छाननी समितीची बैठक दर दोन महिन्यांनी गुरुवारी सकाळी दहा वाजता भरते, आणि गेल्या दीड वर्षात मी तिची एकही बैठक चुकवलेली नाही. नागरिकांसाठी ठेवलेल्या बारा खुर्च्यांपैकी अकरा बहुतेक वेळा रिकाम्याच असतात. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला रुग्णवाहिका सेवेचा हिवाळ्यातील कामाचा अहवाल होता आणि आठव्या क्रमांकाला काउन्सिलच्या स्वतःच्या ॲडल्ट सोशल केअर विभागाचा तिमाही अहवाल. सहाव्या विषयावर एक तास चाळीस मिनिटे चर्चा झाली, आठव्या विषयावर अठरा मिनिटे. हे दोन्ही आकडे मी घड्याळ पाहून वहीच्या समासात लिहून ठेवले होते, आणि आज जे लिहिते आहे ते त्या दोन आकड्यांमधल्या अंतराविषयी आहे.

ॲडल्ट सोशल केअर या शब्दांना मराठीत सुटसुटीत पर्याय मला अजून सापडलेला नाही. वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे ज्या प्रौढ माणसांना अंघोळ, कपडे, जेवण, उठणे-बसणे या गोष्टी एकट्याने जमत नाहीत, त्यांना घरी येऊन मदत करणारे केअरर, गरज पडल्यास केअर होममधली जागा, घरात बसवायच्या आधाराच्या दांड्या आणि खुर्च्या, सांभाळ करणाऱ्या नातेवाइकांना थोडी उसंत, हे सगळे त्यात येते. इंग्लंडमध्ये हे काम एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेचे नाही, काउन्सिलचे आहे. १९४८ साली एनएचएस सुरू झाली तेव्हा उपचार सर्वांना मोफत झाले, पण सांभाळ मात्र त्याच वर्षीच्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टखाली स्थानिक काउन्सिलांकडे आणि ऐपत पाहून पैसे घेण्याच्या पद्धतीवर राहिला. ती फाळणी आजही तशीच आहे. ज्याच्याकडे २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता आहे त्याने आपल्या सांभाळाचा सारा खर्च स्वतः करायचा असतो, आणि ही मर्यादा २०१० पासून एका पौंडानेही वाढलेली नाही. (घरीच मदत घेणाऱ्याचे राहते घर या हिशोबात धरत नाहीत, केअर होममध्ये जावे लागले, की बहुधा धरतात.)

छाननी हा शब्दही थोडा घोटाळ्यात टाकणारा आहे. मराठी कानाला छाननी म्हटले की निवडणुकीतले उमेदवारी अर्ज आठवतात: तपासले, वैध किंवा अवैध ठरवले, संपले. इथल्या छाननी समितीला वैध-अवैध ठरवण्याचा अधिकार नाही. ती कोणाला आदेश देऊ शकत नाही, कोणाचे पैसे अडवू शकत नाही. तिच्या हातात प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला समोरच्याला येऊन बसावे लागते, एवढेच तिचे बळ.

मी त्या खोलीपर्यंत पोहोचले त्याला कारण आमच्या शेजारचे आजोबा. वय ८७, एकटे राहतात, आणि माझ्या मुलांसकट सारी गल्ली त्यांना आडनावानेच हाक मारते. आजोबा हे फक्त माझ्या मनातले नाव. दोन हिवाळ्यांपूर्वी, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, आमच्या दोन्ही घरांमधल्या सामाईक भिंतीवर काठीचे ठोके ऐकू आले. त्यांची किल्ली आमच्याकडे असते. दार उघडून पाहते तर ते स्वयंपाकघरातल्या फरशीवर कुशीवर पडलेले, उजवा पाय विचित्र बाहेर वळलेला, आणि काठी हाताच्या टप्प्यात कशीबशी. मी ९९९ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन केला तेव्हा पाच चाळीस झाले होते. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारले: श्वास चालू आहे का, शुद्धीवर आहेत का, रक्त जाते आहे का. मग त्यांनी सांगितले, की रुग्णवाहिका पाठवण्याची व्यवस्था केली आहे, परंतु आज फार ताण आहे. त्यांना हलवू नका, खायला-प्यायला देऊ नका, आणि प्रकृती बिघडली तर पुन्हा फोन करा. मी डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवला, अंगावर दोन पांघरुणे घातली. फरशीवरून आजोबांना ओव्हनवरचे हिरवे आकडे तेवढे दिसत होते, आणि दर थोड्या वेळाने ते वेळ मोठ्याने वाचून दाखवीत होते, जणू मला घड्याळ दिसत नसावे. दोन पॅरामेडिक दारात आले तेव्हा त्या ओव्हनवर १.१० झाले होते. साडेसात तास.

त्यांच्यातल्या तरुण मुलीने आजोबांना वेदनाशामक देता देता सांगितले, की त्यांची पाळी संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली, पहिला रुग्ण त्यांनी सातच्या सुमारास रुग्णालयाच्या दारात नेला, आणि आत खाट मोकळी नसल्याने मध्यरात्र उलटेपर्यंत तो रुग्ण त्यांच्याच गाडीत होता. आजोबा हा त्यांचा त्या रात्रीचा दुसरा रुग्ण होता. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, हवापाणी सांगावे तसे सांगितले.

इथे थोडा हिशोब सांगणे भाग आहे. २०१७ पासून इंग्लंडमध्ये ९९९ चे फोन चार वर्गांत विभागले जातात. हृदय किंवा श्वास बंद पडण्यासारख्या पहिल्या वर्गासाठी सरासरी ७ मिनिटांत मदत पोहोचावी असे ठरलेले आहे. पक्षाघात किंवा छातीत दुखणे यांसारख्या दुसऱ्या वर्गासाठी सरासरी १८ मिनिटे, आणि दहांपैकी नऊ वेळा ४० मिनिटांच्या आत. तिसऱ्या वर्गाला दहांपैकी नऊ वेळा दोन तास, चौथ्याला तीन तास. पडून खुब्याचे हाड मोडलेला, पण शुद्धीवर असलेला आणि बोलणारा म्हातारा माणूस बहुधा तिसऱ्या वर्गात जातो. डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या वर्गाची देशभरातली सरासरीच दीड तासावर गेली होती. त्यानंतर सरकारने १८ मिनिटांचे मूळ लक्ष्य कागदावर तसेच ठेवून तात्पुरते ३० मिनिटांचे लक्ष्य लावले. दुसऱ्या वर्गाची ही गत असेल तर तिसऱ्या वर्गाने कोणाकडे पाहायचे? फरशीवर तासाभराहून अधिक पडून राहणाऱ्यांसाठी इथल्या डॉक्टरांकडे ‘लाँग लाय’ असा वेगळा शब्दच आहे. स्वतःच्याच वजनाखाली स्नायू दबतात आणि त्यांतून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडांवर येते, कातडीला जखमा होतात, अंग गार पडते. हाड मोडण्याचे दुखणे एक, आणि वाट पाहण्याचे दुखणे त्याहून निराळे.

तेव्हा पहिल्या बैठकीला मी गेले ती खरे तर रुग्णवाहिकेच्या साहेबांना कोणीतरी धारेवर धरताना पाहायला. आणि त्यांना धारेवर धरलेही. रुग्णवाहिका ट्रस्टचे, म्हणजे ही सेवा चालवणाऱ्या एनएचएस संस्थेचे, दोन अधिकारी निळी फाइल पुढे ठेवून बसले होते. एका काउन्सिलर बाईंनी विचारले, की तुमची सरासरी सगळ्या प्रदेशाची आहे, त्यात दोन मोठी शहरे आहेत. आमच्या डोंगराकडच्या गावांचे आकडे पोस्टकोडनुसार वेगळे दाखवा. हा प्रश्न मला फार आवडला, कारण सरासरीच्या पोटात काय काय लपते हे ओळखणारी व्यक्ती तिथे आहे असे त्यातून कळले. इंग्लंडमध्ये रुग्णवाहिका ट्रस्ट मुख्य भूमीवर दहाच आहेत, त्यामुळे एकेक ट्रस्ट अनेक काउन्सिलांच्या हद्दी व्यापतो, आणि शहरातली तत्परता खेड्यातला उशीर सहज झाकून टाकते. दुसऱ्या एका सदस्यांनी रुग्णालयाच्या दारातल्या खोळंब्याविषयी विचारले. रुग्ण १५ मिनिटांत आत सोपवला जावा असे अपेक्षित आहे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २०२३ मध्ये असे ठरवले, की ४५ मिनिटांनंतर रुग्णाला आपत्कालीन विभागाच्या स्वाधीन करून गाडी पुढच्या फोनकडे निघेल. तसे आपल्याकडे करता येईल का, आणि केल्यास धोका गाडीतून उचलून विभागाच्या बोळात ठेवल्यासारखे होईल का? एक तास चाळीस मिनिटे अशी नेटकी विचारपूस चालली. मी मनातून खूश होते.

त्यात एक गंमत अशी आहे, की एके काळी या रुग्णवाहिका काउन्सिलांच्याच होत्या. १९४८ पासून ३१ मार्च १९७४ पर्यंत इंग्लंडमध्ये रुग्णवाहिका चालवण्याची जबाबदारी काउंट्या आणि मोठ्या शहरांच्या काउन्सिलांवर होती; १ एप्रिल १९७४ च्या फेररचनेत ती एनएचएसकडे गेली. त्याच फेररचनेत रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्या कम्युनिटी हेल्थ काउन्सिल निघाल्या, त्या २००३ मध्ये मोडीत काढल्या गेल्या. म्हणजे काउन्सिलने आधी गाड्या गमावल्या, आणि पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्या गाड्यांविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क कमावला. २००० सालच्या स्थानिक शासन कायद्याने काउन्सिलांत कॅबिनेट पद्धत (मोजक्या सदस्यांनी कारभार चालवायचा) आणली आणि कॅबिनेटबाहेरच्या सदस्यांना छाननीचे काम दिले. २००१ च्या आरोग्य आणि सामाजिक काळजीविषयक कायद्याने ती छाननी एनएचएसपर्यंत पोहोचवली. आजचे तपशीलवार नियम २०१३ चे आहेत. त्यांनुसार समितीने मागितलेली माहिती एनएचएस संस्थेला द्यावी लागते, बोलावल्यावर अधिकाऱ्याला यावे लागते, आणि समितीने शिफारस करून उत्तर मागितले तर ते २८ दिवसांत द्यावे लागते. सेवेत मोठा बदल होणार असेल तर समितीचा सल्ला घ्यावा लागतो. पूर्वी असा बदल मान्य नसल्यास समिती तो थेट आरोग्यमंत्र्यांकडे पाठवू शकत असे. जानेवारी २०२४ च्या अखेरीस तो अधिकार गेला. आता मंत्री स्वतःहून हस्तक्षेप करू शकतात, आणि तशी विनंती त्यांना कोणीही करू शकते, म्हणजे समितीही आणि मीही. समितीला माझ्या पंगतीत आणून बसवले, असे मी म्हणते.

मग चहा झाला. ट्रस्टचे अधिकारी निळी फाइल बगलेत मारून निघून गेले. सातवा विषय दोन मिनिटांत मंजूर झाला आणि आठवा पुकारला गेला.

आठव्या विषयाचे कागद चौपन्न पानांचे होते. त्यात वर्तुळे होती, हिरवे-पिवळे-लाल ठिपके होते, आणि हसऱ्या वृद्ध जोडप्याचे छायाचित्र होते. ॲडल्ट सोशल केअरचा कारभार पाहणारे कॅबिनेट सदस्य आणि विभागाच्या संचालक समोर बसल्या होत्या. पहिले वाक्य अध्यक्षांचे: ‘आमच्या कर्मचाऱ्यांनी अत्यंत कठीण परिस्थितीत जे काम केले आहे त्याबद्दल आभार.’ दुसरे वाक्य एका सदस्याचे: ‘मीही आभारात सहभागी होतो.’ मग दिल्लीदरबारसारखे आभार झाले. एक प्रश्न छपाईतल्या चुकीविषयी आला, एक सरकारने निधी कसा कमी दिला याविषयी, आणि तो प्रश्न नव्हताच, पाठिंबा होता. अहवालाची ‘नोंद घेण्यात आली’. अठरा मिनिटे.

आता आजोबांची उरलेली गोष्ट सांगते, म्हणजे मी अस्वस्थ का झाले ते कळेल. त्यांचे ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झाले आणि चांगले झाले. जानेवारीच्या ९ तारखेला वॉर्डातल्या डॉक्टरांनी ते घरी जाण्यास योग्य असल्याचे लिहिले. घरी ते आले १ फेब्रुवारीला. मधले तेवीस दिवस ते रुग्णालयाच्या खाटेवर होते, कारण दिवसातून चार वेळा केअरर येतील अशी व्यवस्था, म्हणजे इथल्या भाषेत केअर पॅकेज, मिळत नव्हते. ते जुळवून देणे काउन्सिलचे काम होते. या तेवीस दिवसांत ज्या खाटेवर ते होते, त्या खाटेची वाट पाहत आपत्कालीन विभागात कोणीतरी असणार. त्याच्या जागेची वाट पाहत दारातल्या गाडीत दुसरे कोणीतरी. आणि त्या गाडीची वाट पाहत कुठल्यातरी स्वयंपाकघरात तिसरे कोणीतरी फरशीवर पडून घड्याळ वाचत असणार. डिसेंबरात जे आजोबांच्या वाट्याला आले तेच त्यांनी जानेवारीत, स्वतःचा काडीचाही दोष नसताना, दुसऱ्या कोणाच्या वाट्याला घातले.

न्यायाने सांगायचे तर खाटा अडण्याचे सगळे खापर काउन्सिलांवर फोडता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या रुग्णालयांत कुठल्याही दिवशी सुमारे १४ हजार खाटांवर अशी माणसे होती, की ज्यांना वैद्यकीयदृष्ट्या तिथे असण्याची गरज नव्हती. त्यांतली कितीतरी एनएचएसच्याच सामुदायिक सेवेची, फिजिओथेरपीची, औषधांची किंवा एखाद्या सहीची वाट पाहत होती. २००३ मध्ये एक कायदा करून अशा प्रत्येक अडकलेल्या दिवसाबद्दल काउन्सिलने रुग्णालयाला पैसे भरावेत अशी सोय केली होती. त्यातून खाटा किती सुटल्या ते सांगता येणार नाही, पण खाट कोणामुळे अडली यावर दोन्ही बाजूंचे अधिकारी हुज्जत घालायला शिकले. आता तो दंड नाही. हुज्जतीची सवय राहिली आहे.

तरीही काउन्सिलच्या वाट्याचा भाग लहान नाही, आणि तो का मोठा आहे हेही गुपित नाही. घरोघर जाणारे केअरर बहुतेक खासगी कंपन्यांचे असतात, काउन्सिल त्यांना तासावर दर ठरवून देते, आणि तो दर कमी पडला की कंपनी पॅकेज परत करते किंवा नवे घेतच नाही. २०२१-२२ मध्ये इंग्लंडच्या या क्षेत्रात सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशातून केअररना व्हिसा मिळू लागला आणि आपल्याकडची बरीच मंडळी आली. मार्च २०२४ मध्ये त्यांना कुटुंब आणण्यास मनाई झाली, आणि जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने भरती बंद झाली. काउन्सिलांना २०१६ पासून या कामासाठी घरपट्टीसारख्या काउन्सिल टॅक्समध्ये वेगळी टक्केवारी जोडता येते, आणि आमच्या बिलावर तो आकडा स्वतंत्र ओळीत छापलेला असतो. म्हणजे पैसे मी देते, ते कशासाठी दिले हेही मला छापून मिळते, आणि त्याचे काय झाले हे विचारायची जागा आठव्या विषयात अठरा मिनिटांची.

हे असे का होते याचा मी बराच विचार केला आहे. रुग्णवाहिकेचा अधिकारी परका असतो. तो शेजारच्या काउंटीतून येतो, उत्तरे देतो आणि जातो. सोशल केअरची संचालक मात्र त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसते, आणि कॅबिनेट सदस्य बहुधा समितीतल्या बहुसंख्य सदस्यांच्याच पक्षाचा असतो. संध्याकाळी पक्षाच्या बैठकीत त्याच्याच शेजारी बसायचे असते. कायदाही नकळत हाच कल दाखवतो. एनएचएसने समितीला उत्तर द्यायला २८ दिवस, आणि काउन्सिलच्या स्वतःच्या कॅबिनेटने स्वतःच्याच छाननी समितीला उत्तर द्यायला दोन महिने. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवताना कोणाचा आवाज खाली येत नाही.

परंतु परक्यालाही नीट विचारले गेले नाही तर काय होते हे या देशाने पाहिले आहे. स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची जी भयानक हेळसांड झाली, तिच्या सार्वजनिक चौकशीचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्यात २९० शिफारशी होत्या आणि स्थानिक छाननी समित्यांवरही कडक शब्द होते: रुग्णालयाने जे सांगितले त्यावर त्या विसंबल्या, आव्हान देणे त्यांना जमले नाही. छाननी करणाऱ्यांनी त्या अहवालातली तेवढी पाने तरी वाचावीत. त्यांतला दोष स्वतःच्या घराच्या, म्हणजे काउन्सिलच्याच विभागांच्या, बाबतीत दुप्पट लागू पडतो.

२०१४ च्या केअर ॲक्टने काउन्सिलवर स्पष्ट कर्तव्ये टाकली आहेत. गरज असल्याचे दिसत असेल तर त्या माणसाच्या गरजांची पाहणी करणे, त्याच्या भल्याला केंद्रस्थानी ठेवणे, आणि आपल्या भागात पुरेशा व बऱ्या सेवा उपलब्ध राहतील अशी बाजारपेठ सांभाळणे, ही त्यांतली मुख्य. एप्रिल २०२३ पासून केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था काउन्सिल हे काम कसे करते याची तपासणी करून श्रेणीही देते. छाननी समितीने श्रेणी देण्याची गरज नाही. तिने एवढेच विचारावे: पाहणीसाठी किती माणसे थांबली आहेत आणि सर्वांत जुना माणूस कधीपासून थांबला आहे, कंपन्यांनी या तिमाहीत किती पॅकेजे परत केली, ठरलेल्या भेटींपैकी किती मिनिटे प्रत्यक्षात दिली गेली.

शेवटचा प्रश्न मला आजोबांच्या स्वयंपाकघरात सुचला. ओव्हनशेजारी एक पिवळी फाइल असते, तीत केअरर येण्याची आणि जाण्याची वेळ लिहून सही करतात. एके दिवशी त्यांना वाचायला चष्मा सापडेना म्हणून मी ती वाचून दाखवत होते. सकाळची भेट तीस मिनिटांची ठरलेली. ८.०५ आले, ८.२१ गेले. दुसऱ्या दिवशी ८.४०, ८.५४. तिसऱ्या दिवशी ७.५०, ८.१०. सह्या वेगवेगळ्या, अक्षर घाईचे. त्या मुलींचा मला राग आला नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जायच्या वेळेचे पैसे त्यांना नीट मिळतात की नाही कोण जाणे. पण चौदा मिनिटांत ८७ वर्षांच्या माणसाला उठवून, धुऊन, कपडे घालून, चहा-टोस्ट देऊन, गोळ्या दिल्या जातात, आणि तो पुन्हा पडणार नाही याची काळजीही घेतली जाते, यावर मी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा असेल तर ती फार आहे. आणि तो पुन्हा पडला, की ती रुग्णवाहिकेच्या अहवालातली आणखी एक तिसऱ्या वर्गाची नोंद. आठव्या विषयातली मिनिटे सहाव्या विषयातले तास होऊन परत येतात.

बैठकीत नागरिकांना प्रश्न विचारता येतो. आमच्याकडे तो तीन कामकाजाचे दिवस आधी लेखी पाठवावा लागतो, वाचायला तीन मिनिटे मिळतात आणि उत्तरावर एकच पुरवणी प्रश्न करता येतो. (काउन्सिलांसारख्या संस्थांच्या बैठका जनतेला खुल्या असाव्यात हा १९६० चा कायदा मार्गारेट थॅचर यांनी नवख्या खासदार असताना स्वतःच्या खासगी विधेयकातून आणला होता. त्यांच्या नावावर मी जमा धरते अशा थोड्या गोष्टींतली ती एक आहे.) मी विचारले: गेल्या तिमाहीत काउन्सिलने विकत घेतलेली घरभेटींची मिनिटे किती आणि प्रत्यक्ष दिली गेलेली मिनिटे किती? उत्तर आले, की ९० टक्क्यांहून अधिक लोक सेवेबाबत समाधानी आहेत. पुरवणी प्रश्नात मी एवढेच म्हटले, की केअररच्या फोनवर येण्या-जाण्याची नोंद होते आणि त्याच नोंदीवर कंपनी काउन्सिलला बिल लावते, तेव्हा हा आकडा काउन्सिलकडे आहेच. तो समितीपुढे का ठेवला जात नाही? संचालकांनी कॅबिनेट सदस्याकडे पाहिले. कॅबिनेट सदस्याने पाण्याचा घोट घेतला. तेव्हा पोस्टकोडचा प्रश्न विचारणाऱ्या त्या काउन्सिलर बाई म्हणाल्या, की हा प्रश्न आता माझाही समजावा, आणि इतिवृत्तात तसे लिहावे. सदस्याने विचारलेला प्रश्न नोंदला गेला की त्याचे उत्तर येईपर्यंत तो कामांच्या यादीत राहतो. नागरिकाचा प्रश्न त्याच दिवशी विरून जातो. हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर दोन बैठका झाल्या. पहिलीत अध्यक्षांनी क्रम बदलला: सोशल केअर सहाव्या जागी, रुग्णवाहिका त्यामागोमाग. कारण सांगितले नाही, पण परिणाम असा झाला, की ट्रस्टच्या अधिकाऱ्याला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागले आणि पॅकेजच्या चर्चेला तो हजर राहिला. मध्येच त्याने बोलण्याची परवानगी मागितली आणि विचारले, की आमच्या गाड्या ज्या दिवशी दारात सर्वाधिक वेळ अडकल्या, त्या दिवशी पॅकेजची वाट पाहणारे किती जण वॉर्डात होते, हे एका कागदावर मिळेल का. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग संचालकांनी पेन उचलले.

दुसऱ्या बैठकीच्या कागदांत एक नवा तक्ता आला आहे. कायद्याप्रमाणे ते कागद बैठकीच्या किमान पाच दिवस आधी जाहीर होतात, त्यामुळे मी तो आदल्या आठवड्यातच घरी वाचला होता. सकाळच्या आणि दुपारच्या भेटींची ठरलेली व दिलेली मिनिटे त्यात शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्यातला फरक लपवण्याजोगा नाही. संध्याकाळच्या आणि रात्रीच्या भेटींचे स्तंभ कोरे आहेत. माहिती जुळवण्याचे काम चालू असल्याचे खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे. आजोबांना मी तो तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून कोऱ्या स्तंभावर बोट ठेवले आणि म्हणाले, की मी तर संध्याकाळीच पडलो होतो. पुढच्या बैठकीसाठी माझा प्रश्न त्या स्तंभाविषयी आहे, आणि तो मी काल पाठवला.